एच.२६३ एन्कोडर: तो डाग हाफ-पेलमधून गळत होता

एफपीजीएवर (हवं ते सर्किट भरता येणाऱ्या चिपवर) मी एच.२६३ या जुन्या व्हिडिओ-कॉम्प्रेशन स्टँडर्डचा एन्कोडर बनवतोय; त्याच्या मागच्या अपडेटमधला डाग गेला एकदाचा!! आठवत असेल, मुद्दाम डेटातला एक बिट फ्लिप केला की इंट्रा रिफ्रेश (चित्राचा थोडा थोडा भाग जुन्या फ्रेमच्या आधाराशिवाय नव्याने पाठवणं) चालू असूनही चित्र पूर्ण साफ व्हायचं नाही, जीओबीच्या (चित्राच्या एका आडव्या पट्ट्याच्या) तळाशी एक मळकट रेघ उरायचीच.

सेटअप तोच. क्यूसीआयएफ (१७६×१४४ पिक्सेल, ९ जीओबी), दर फ्रेमला एक जीओबी इंट्रा, वरून खाली, म्हणजे ९ फ्रेममध्ये अख्खं चित्र नवं. प्रत्येक जीओबीला हेडर, त्यामुळे व्हेक्टर (ब्लॉक मागच्या फ्रेममधून किती सरकवून घ्यायचा तो आकडा) प्रेडिक्शनला वरच्या ओळीकडे बघावंच लागत नाही, एक जीओबी गेला तरी पुढचा नीट डिकोड होतो आणि वरचे व्हेक्टर साठवायची मेमरीही उडाली. फ्रेममागे ८ हेडर (पहिल्या जीओबीला फ्रेमचंच हेडर पुरतं), प्रत्येकी किमान २९ बिट, म्हणजे २३२ बिट. मी ते आनंदाने देतो.

आता खरी भानगड. नुकत्याच साफ झालेल्या जीओबीने पुढच्या फ्रेमला खालच्या, अजून खराब असलेल्या जीओबीतून पिक्सेल उचलले की सगळी मेहनत पाण्यात, म्हणून मोशन सर्चला (मागच्या फ्रेममध्ये जुळणारा ब्लॉक शोधण्याला) कुंपण घातलेलं होतं, साफ भागाच्या खाली जायचं नाही. तरी रेघ! शेवटी व्हेरिलेटर या सिम्युलेटरमधून एकाच मॅक्रोब्लॉकचे (१६×१६ पिक्सेलच्या तुकड्याचे) रीड अ‍ॅड्रेस काढून बसलो (सिग्नलचा डंप एफएसटी फॉरमॅटमध्येच घ्या, व्हीसीडी फॉरमॅटने डिस्क भरते), तर १६ ऐवजी १७ ओळी वाचल्या जात होत्या. उभा व्हेक्टर +०.५. फुल-पेल (पूर्ण पिक्सेलचा) सर्च कुंपण अगदी इमानदारीत पाळतोय, पण त्यानंतरचं हाफ-पेल रिफाइनमेंट (अर्ध्या पिक्सेलपर्यंतचा बारीक शोध) वेगळं मॉड्यूल, त्याच्यापर्यंत ती मर्यादा पोचतच नाही, आणि अर्ध्या पिक्सेलची सरासरी काढायला खालची एक ओळ लागतेच. तीच सतरावी ओळ खराब!

उपाय एका कम्पॅरेटरचा (दोन आकड्यांची तुलना करणाऱ्या सर्किटचा). सीमेवरच्या ब्लॉकला खालचे तीन हाफ-पेल कॅन्डिडेट बाद. रेघ गायब, वर तेवढे रीडही वाचले. एच.२६४ या नंतरच्या स्टँडर्डकडे न गेल्याचं आज फार बरं वाटतंय, तिथे डीब्लॉकिंग (ब्लॉकच्या कडा गुळगुळीत करणारा) फिल्टरही सीमा ओलांडतो, तोही आवरावा लागला असता.

मेमरीचंही मस्त जमलं. मी वापरतो त्या अल्ट्राप्लस एफपीजीएमध्ये ३२ केबीच्या चार एसपीरॅम (चिपवरच्याच मेमरीच्या) बँका. एका फ्रेमचा लुमा (उजेडाची माहिती) २५,३४४ बाइट, आणि दोन फ्रेमचा क्रोमा (रंगाची माहिती) मिळूनही बरोब्बर तेवढाच! म्हणजे दोन बँका लुमाला, एक क्रोमाला, चौथी पॉवरऑफमध्ये. सर्च चालू असताना क्रोमाची बँक स्टँडबायला. (पॉवरऑफ पिन अ‍ॅक्टिव्ह लो आहे, विसरू नका.) योसिस आणि नेक्स्टपीएनआर या एफपीजीए टूल्सवर मी अजूनही फिदा आहे, बदल करून लगेच बिल्ड बघता येतो.

पुढे डेटा पार्टिशनिंग (महत्त्वाचा डेटा वेगळा काढून पाठवणं) घेणार होतो, पण हे लिहिता लिहिता सुचलं, इंट्रा जीओबीला मोशन सर्चच नसतो, मग तेवढा वेळ रेफरन्स लुमाची बँक पण स्टँडबायला टाकता येईल की! ९ पैकी १ जीओबी, दर फ्रेमला. फक्त पुढच्या जीओबीच्या पहिल्या रीडआधी तिला वेळेत जागं करायला हवं, कंट्रोल एफएसएममध्ये (स्टेट मशीनमध्ये) एक स्टेट वाढेल. आधी हेच करतो, पार्टिशनिंग नंतर.