कोऱ्या मशीनपासून सर्व्हरपर्यंत

इथल्या टीममध्ये रुजू झाले तेव्हा पहिलंच काम मिळालं ते असं: एक कोरं लिनक्स मशीन घ्यायचं आणि टीमच्या स्क्रिप्ट (संगणकाला द्यायच्या सूचनांच्या फाइली) चालवून ते आमच्या चालू सर्व्हरसारखं तयार करायचं. आत शिरून हातानं काही बदलायला मनाई. स्क्रिप्ट जिथे अडेल तिथे स्क्रिप्टच सुधारायची, मशीन पुसायचं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. नव्या माणसाला कामाची ओळख करून देण्याची याहून चांगली रीत मी पाहिलेली नाही. कोणते युजर असतात, कोणते पोर्ट (नेटवर्कवरून आत यायची दारं) उघडे असतात, बॅकअप कुठे जातो, हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. ते सगळं लिहिलेलं होतं, आणि लिहिलेलं रोज चालवलं जात होतं.

परदेशात याचं मोल जास्तच कळतं. आमचे सहकारी वेगवेगळ्या खंडांत आहेत. मला प्रश्न पडतो तेव्हा उत्तर माहीत असलेला माणूस बहुधा झोपलेला असतो. प्रत्येकाची मातृभाषा निराळी, इंग्रजीची ढब निराळी. कॉलवर दिलेल्या सूचनेचा अर्थ दोघं दोन तऱ्हांनी लावतात. गिटमधली, म्हणजे फाइलींचा प्रत्येक बदल जपून ठेवणाऱ्या प्रणालीतली, स्क्रिप्ट मात्र कुणीही चालवली तरी तेच करते.

घड्याळाचंच घ्या. भारतात आपल्याला याची सवय नसते, पण इथे शरदात घड्याळं तासभर मागे घेतात आणि वसंतात पुढे करतात. सर्व्हर स्थानिक वेळेवर असेल तर शरदातल्या त्या रात्री लॉगमध्ये एक तास दोनदा येतो. कोणती नोंद आधीची आणि कोणती नंतरची, हे शोधताना जीव मेटाकुटीला येतो. वसंतात एक तास गायबच. म्हणून आमची स्क्रिप्ट सुरुवातीलाच प्रत्येक सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे ऋतूनुसार न बदलणाऱ्या जागतिक प्रमाणवेळेवर, लावते.

स्क्रिप्टची खरी परीक्षा ती दुसऱ्यांदा चालवल्यावर होते. ‘फाइलच्या शेवटी ही ओळ जोड’ असं लिहिलं, तर दर वेळी ओळी वाढत जातात. ‘ही ओळ फाइलमध्ये असायला हवी’ असं लिहिलं, तर आधी तपासणी होते आणि नसेल तरच ओळ पडते. मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये ओस्लो विद्यापीठात सीएफइंजिन हे सर्व्हर लावण्याचं साधन सुरू केलं, तेव्हापासून हा विचार मूळ धरून आहे: पायऱ्या सांगू नका, शेवटी काय हवं ते सांगा. पुढे त्याच कामाची साधनं आली: २००५ मध्ये पपेट, २०१२ मध्ये आन्सिबल. आम्ही आन्सिबल वापरतो, कारण समोरच्या लिनक्स मशीनवर एसएसएच (दुरून सुरक्षितपणे लॉगिन करायची सोय) आणि पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा असली की पुरतं, वेगळा एजंट, म्हणजे तिथे सतत चालणारा मदतनीस प्रोग्रॅम, बसवावा लागत नाही.

बॅशमध्ये, म्हणजे लिनक्सच्या कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमसाठी, लिहिलेली साधी स्क्रिप्टही वाईट नाही. फक्त एक लक्षात ठेवा: एखादी कमांड फसली तरी बॅश आपणहून थांबत नाही, पुढची कमांड चालवतं. चुकल्यास थांबण्याची सूचना स्क्रिप्टच्या सुरुवातीला लिहावी लागते.

मी सर्वात जास्त जपते ते एसएसएचच्या सेटिंगला. ती फाइल बिघडली तर सर्व्हरचं दार आपल्यालाच बंद होतं. त्यामुळे नवी फाइल जागेवर ठेवण्याआधी तिची तपासणी स्क्रिप्टमध्येच हवी, आणि बदल लागू होताना आधीचं एक सेशन (चालू लॉगिन) उघडं ठेवावं. पासवर्ड तर स्क्रिप्टमध्ये कधीच नको. गिटमध्ये एकदा गेलेला पासवर्ड नंतर फाइलमधून पुसला तरी इतिहासात राहतो. तो बदलण्याशिवाय गत्यंतर नाही.

शिकायचं असेल तर लॅपटॉपवर एक व्हर्च्युअल मशीन (संगणकाच्या आत चालणारा आभासी संगणक) पुरे. एक युजर, त्याची एसएसएच की (लॉगिनची डिजिटल किल्ली), फायरवॉल, वेब सर्व्हर, एवढंच आन्सिबलमध्ये लिहा आणि लागोपाठ दोनदा चालवा. दुसऱ्या वेळी शेवटच्या अहवालात बदलांचा आकडा शून्य यायला हवा. नाही आला, तर कोणतं काम पुन्हा पुन्हा होतंय ते त्याच अहवालात वर शोधा.