फिल्टर बदलला, पाणी टाकीतच राहिलं

डिझेल गाडीचा जुना फिल्टर काढला की तो लगेच कचऱ्यात टाकू नये. त्यातलं डिझेल आधी स्वच्छ काचेच्या बरणीत ओतावं आणि बरणी न हलवता थोडा वेळ तशीच ठेवावी. घरी फिल्टर बदलणाऱ्या प्रत्येकाला मी हे आवर्जून सांगतो. पुण्याच्या बिबवेवाडीतल्या एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये अशाच बरणीने एका घराचा लाखाच्या घरातला खर्च वाचवला, त्या दिवसाची ही हकीकत.

मी घरपोच गाड्या दुरुस्त करतो. औंधच्या आयटीआयमध्ये शिकलो, पुढे गॅरेजांत काम केलं. इंजिनाच्या सगळ्या कामांत डिझेलचं काम मला जास्त आवडतं, कारण तिथे स्वच्छतेला तडजोड चालत नाही.

सीताफळाचा हंगाम होता. ज्यांची ही गाडी, त्या काकांची शेती पुरंदर तालुक्यात आणि घर बिबवेवाडीत. माल गुलटेकडीच्या मार्केट यार्डात आणायचा आणि रिकामे क्रेट घेऊन परत जायचं, असं त्यांचं चालू होतं. शेतावर जाताना बोपदेव घाटाच्या चढाला गाडीचा पिकअप पडायला लागला. एक्सलरेटर दाबला तरी गाडी ओढेना, मध्येच झटके देऊन बंद पडे. डॅशबोर्डवर डिझेलमध्ये पाणी असल्याचा दिवा लागला, तेव्हा त्यांच्या पुतण्याने नाना पेठेतून नवा फिल्टर आणून पार्किंगमध्येच बसवला. दिवा गेला, गाडी चालली आणि काही दिवसांनी पुन्हा तेच. मग एका गॅरेजमध्ये स्कॅनर लावला. रेलचं, म्हणजे दाबलेलं डिझेल इंजेक्टरांना वाटणाऱ्या नळीचं, प्रेशर कमी, असा कोड आला. तो कोड बरोबरच होता. पण त्यावरून चारही इंजेक्टर, म्हणजे इंजिनात डिझेल फवारणारे नोझल, आणि हाय प्रेशर पंप बदलायला सांगितले. काकांनी मला फोन केला तो या टप्प्यावर.

पुतण्याने आधी काय आणि कसं केलं ते मी सगळं विचारून घेतलं. पोराने काम चोख केलं होतं. इंजिन थंड झाल्यावर हात लावला, येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाइपांना वेगवेगळ्या रंगाच्या चिकटपट्ट्या लावल्या, खालच्या बेल्टवर आणि वायरिंगवर डिझेल सांडू नये म्हणून चिंध्या अंथरल्या. मुख्य म्हणजे नव्या फिल्टरमध्ये कॅनमधून डिझेल ओतलं नाही. पुष्कळ जण सेल्फ कमी मारावा लागावा म्हणून फिल्टर वरून भरतात. पण इंजिनाकडे जाणाऱ्या बाजूने ओतलेलं डिझेल गाळलं न जाता सरळ पंपात जातं. त्याने रबरी हातपंप दाबून दाबून पाइपात अडकलेली एअर काढली होती.

"दादा, माझं काही चुकलं का?" त्याने विचारलं.

"बसवण्यात काही चूक नाही. जुन्या फिल्टरमधून काय निघालं होतं?"

"काळसर काहीतरी होतं. गटारात नको म्हणून पिशवीत बांधून दिलं टाकून."

तेच बघायला हवं होतं. मी काकूंकडून लोणच्याची रिकामी बरणी मागून घेतली, फिल्टरच्या बुडाचा ड्रेन स्क्रू सैल केला आणि बरणी खाली धरली.

सुरुवातीला डिझेल आलंच नाही, निव्वळ पाणी आलं. मग तांबूस गढूळ धार आणि तिच्यात तरंगणारे काळे, बुळबुळीत तुकडे. बरणी पायरीवर ठेवली तेव्हा तीन थर स्पष्ट दिसले. खाली पाणी, वर पिवळसर डिझेल आणि दोन्हींच्या मध्ये सायीसारखा काळपट पापुद्रा. तो पापुद्रा म्हणजे बुरशी आणि जिवाणू. ते पाण्यात राहतात आणि डिझेलवर पोसतात, म्हणून दोघांच्या सीमेवरच वाढतात. नव्या फिल्टरमध्ये थोड्याच दिवसांत इतकं साचतं याचा अर्थ मागे टाकीत साठा आहे. अशा गाडीला कितीही फिल्टर घातले तरी तेच होणार, आणि नवे इंजेक्टर घातले असते तर तेही याच पाण्याने गेले असते.

काकांना पाण्याचं एवढं काय, असं वाटत होतं. त्यांना मी समजावलं. गाडीच्या टायरमध्ये हवा दोन-सव्वादोन बार दाबाने असते. या गाडीसारख्या कॉमन रेल इंजिनात डिझेल १,६०० बारपर्यंत दाबलं जातं आणि मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढ्या भोकांतून फवारलं जातं. या पंपाला वेगळं वंगण नसतं, डिझेल हेच त्याचं वंगण. त्यात पाणी आलं की धातूवर धातू घासतो, त्याचा चुरा रेलमध्ये जातो आणि इंजेक्टरच्या टोकाशी पाण्याची वाफ होऊन ते टोक फुटूही शकतं. म्हणूनच जुन्या मिस्त्र्यांची इंजेक्टरचा नट सैल करून एअर काढायची पद्धत इथे अजिबात वापरायची नाही. त्या दाबाची धार कातडीतून आत घुसते आणि हात गमावायची वेळ येते.

"डिझेल कुठून भरता?" मी विचारलं.

"इथलंच, नेहमीच्या पंपावरचं," काका म्हणाले.

काकू जिन्यात उभ्या होत्या. "अहो, पावसाळ्यात पंपावर कुठं भरलंत? वाडीवरच्या पिंपातलं ओतत होतात ना?"

काका गप्प झाले. ट्रॅक्टरसाठी २०० लिटरचं पिंप शेतावर होतं आणि परतताना त्यातलंच कॅनने गाडीत ओतलं जात होतं.

मागचं सीट उचलून टाकीचं झाकण खोललं, आतलं डिझेल खेचणारं युनिट बाहेर घेतलं आणि सगळं डिझेल उपसलं. बुडाशी पाणी आणि तोच काळा गाळ. टाकी पुसून कोरडी केली, पाइप साफ केले, नवा फिल्टर घातला. मग प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्नला, म्हणजे न फवारलेलं डिझेल परत नेणाऱ्या नळीला, वेगळी बाटली लावून इंजिन चालवलं. तीन बाटल्या सारख्या भरल्या, चौथी त्यांच्या पुढे गेली. म्हणजे तो एक इंजेक्टर जास्त डिझेल परत सोडत होता, खराब झाला होता. तो काढून दुरुस्तीला दिला. पंप शाबूत होता. रेलचं प्रेशर जागेवर आलं.

पण पिंप बघितल्याशिवाय काम संपलं असं मला म्हणवेना. दुपारी पुतण्याच्या गाडीने आम्ही वाडीवर गेलो. पिंप गोठ्यालगत उघड्यावर, उभं. वरच्या पत्र्याला कड असते, तिच्या आत आदल्या रात्रीच्या सरीचं पाणी तळ्यासारखं साचलेलं आणि बूच त्या पाण्याखाली. बूच घट्ट होतं. काकांचा भरवसा त्यावरच होता. पण दिवसा उन्हाने पिंप तापतं, आतली हवा फुगून आट्यांमधून बाहेर पडते. संध्याकाळी सर आली की पत्रा एकदम गार होतो, आत ओढ निर्माण होते आणि वर साचलेलं पाणी त्याच आट्यांतून आत खेचलं जातं. रोज थोडं थोडं, पूर्ण पावसाळाभर.

पारदर्शक नळी तळापर्यंत सोडली, वरचं तोंड अंगठ्याने बंद केलं आणि उचलून उन्हात धरली. खालची चार बोटं पाणी होतं. काकांनी ती नळी माझ्या हातातून घेतली आणि स्वतः पुन्हा पिंपात घालून पाहिली.

"मग ट्रॅक्टर कसा चालतो, मिस्त्री?"

जुन्या ट्रॅक्टरचे नोझल दोनशे-अडीचशे बारला उघडतात आणि पुढे काचेची वाटी असते, त्यात पाणी खाली बसतं. आम्ही ती वाटी खोलली. निम्मी पाण्याने भरलेली. ट्रॅक्टरची टाकीही त्याच दिवशी काढायला घेतली.

नवं पिंप आता पत्र्याच्या शेडमध्ये, लाकडी ओंडक्यांवर आडवं असतं. दोन्ही बुचं घड्याळातल्या तीन आणि नऊच्या जागी ठेवायची, म्हणजे ती आतून डिझेलने झाकलेली राहतात आणि बाहेर त्यांच्यावर पाणी साचत नाही. कॅन भरायच्या आधी थोडं डिझेल बरणीत काढून बघायचं, हे काम पुतण्याने स्वतःकडे घेतलंय. गाडीत मात्र पंपावरचंच डिझेल भरतात.