हॅवलॉकचं आजचं जेवण
आम्ही नाशिककर सध्या अंदमानला, हॅवलॉकवर, म्हणजे २०१८ पासूनचं स्वराज द्वीप. आज दुपारी रिसॉर्टमध्ये न जेवता गोविंदनगरच्या बाजारात एका बंगाली काकूंच्या छोट्या हॉटेलात गेलो आणि खरं सांगते, ट्रिपमधलं सगळ्यात भारी जेवण झालं! मोहरीच्या तेलातला मासा, वाफाळता भात, पातळ मसूर डाळ आणि वर काकूंचा आग्रह. फाळणीनंतर इथे बरीच बंगाली कुटुंबं येऊन वसलीत, त्यामुळे चव एकदम घरची. सासूबाई शाकाहारी, तर त्यांच्यासाठी वेगळ्या कढईत बटाट्याची खसखस घातलेली भाजी केली, किती माया ती! भाज्या मात्र महाग, बरंचसं सामान बोटीनेच येतं ना, आपल्या पंचवटीतली ताजी मेथी फार आठवली. जाणार असाल तर बाजारातच जेवा, आणि लवकर, सहालाच इथे अंधार होतो.