दिवास्वप्न मालिका, चित्र 7: अडलेली हद्द सुटली

चार कागद वाया गेले, पण आज कोडं सुटलं!

मागच्या वेळी लिहिलं होतं तिथेच अडकले होते: या जलरंगातल्या चित्रात एक खुर्ची आहे, अर्धी खोलीत, अर्धी पाण्यावर; तर खोलीच्या फरश्या संपून पाणी कुठे सुरू करायचं? स्वप्नाची हद्द धूसरच असणार, असं धरून मी दरवेळी तिथे वेट-ऑन-वेट (ओल्या कागदावर ओला रंग) करत होते. पहिल्या दोन कागदांवर पाणी उलटं पसरून फुलकोबीसारखे डाग आले. तिसऱ्यावर ओल्या ब्रशने कडेचा रंग उचलून फिका करायला गेले, तर थॅलो ब्लू (कागदात मुरणारा गडद निळा) जागचा हलेना. उचलायचं असेल तिथे अल्ट्रामरीन हा निळाच बरा. चौथ्यावर कड हवी तशी विरघळली, आणि तरीही ते धुकं वाटलं, स्वप्न नाही.

मग ब्रश ठेवला आणि चमच्याची डुलकी घेतली. चित्रकार साल्वादोर दालीने 1948 च्या पुस्तकात सांगितलेलीच रीत: खुर्चीत बसायचं, बोटांत जड किल्ली, खाली उलटी थाळी. डोळा लागला की किल्ली पडते, खणकन आवाज, जाग. मी स्टीलचा चमचा घेते. हलक्या चमच्याने जाग येत नाही. झोप आणि जागेपणाच्या या काठावर थांबण्यात अर्थ आहे. 2021 मध्ये फ्रान्समधल्या एका प्रयोगात झोपेच्या पहिल्या टप्प्यात निदान 15 सेकंद राहिलेल्यांपैकी 83 टक्के लोकांना गणितातला छुपा नियम सापडला, जागे राहिलेल्यांपैकी सुमारे 30 टक्क्यांना. त्याहून गाढ झोपलेल्यांचा फायदा मात्र गेला.

चमचा पडला तेव्हा समोर जिना होता. पायऱ्यांच्या कडा धारदार, दगडावरचे ओरखडेसुद्धा स्पष्ट. धूसर काहीच नव्हतं. फक्त जिन्याला सावली नव्हती, त्यामुळे तो कुठे टेकलेलाच वाटत नव्हता.

हद्द कडेत नव्हतीच, सावलीत होती! लगेच पाचवा कागद ताणला (जाड, 300 जीएसएम, शंभर टक्के कॉटन; स्वस्त कागदावर मास्किंग फ्लुइड, म्हणजे रंग लागू नये म्हणून लावलेला द्रव, काढताना वरचा थर सोलून येतो). फरशी आणि पाणी दोन्ही कडक कडांनी, कोरड्यावर रंगवले. खुर्चीची सावली पाण्यावर उलट्या दिशेला टाकायचं ठरलं होतं, पण हे लिहिताना वाटतंय, नकोच. फरशीवर सावली असू दे, पाण्याशी येऊन ती थेट तुटू दे. पेन्सिलीने आखून पाहिलं, आणि खुर्चीचे दोन पाय खरंच तरंगायला लागले.

सावलीचा वॉश (पातळ रंगाचा थर) उद्या, कागद पूर्ण वाळल्यावर. मग चित्र 3 पुन्हा काढणार. तिथेही मी उगाच धुकं भरलंय.