"जरा फोन कर"

आज दुपारी डबा उघडला आणि साहेबांचा मेसेज आला, "जरा फोन कर." बस्स, एवढंच. भेंडीचा घास तोंडातच राहिला. तळहात ओले, कानशिलं गरम, पोटात गोळा. फोन लावला तर एंगेज! पुढच्या दहा मिनिटांत मी मनातल्या मनात नोकरी घालवून, घराचा हप्ता थकवून, सामान बांधून गावी पोचलेसुद्धा.

वाघ समोर आला काय आणि साहेबांचा मेसेज आला काय, शरीराला सारखंच. मेंदूतला अमिग्डाला नावाचा भीतीचा पहारेकरी घंटा बडवतो, अ‍ॅड्रेनालिन सुटतं आणि शहाणपण रांगेत मागे ढकललं जातं. वॉल्टर कॅनन या अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञाने १९१५ मध्येच हे 'लढा नाहीतर पळा' प्रकरण मांडलं होतं. मला ना लढता येत होतं, ना पळता.

म्हणून जिन्यात गेले. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर. श्वास लांबवून सोडला की मेंदूपासून हृदयापर्यंत जाणाऱ्या व्हेगस नर्व्हमुळे ठोके मंदावतात, हे मला पाठ आहे. ऐन वेळी आठवत नाही, ही खरी बोंब. पहिल्या दोन श्वासांनी उलट चिडचिडच झाली. सहाव्या-सातव्याला खांदे खाली आले. इतका वेळ ते कानाला टेकले होते, हे तेव्हा कळलं.

(हे रोजचंच झालं असेल, झोप उडत असेल, तर १४४१६ वर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन लावा. मोफत आहे, मराठीतही बोलतात.)

साहेबांना हवा होता आमच्या गल्लीतल्या फराळवाल्या काकूंचा नंबर.

भेंडी गार झाली होती. खाल्ली.