‘स्त्रीकरण’ या शब्दाची नोंद करताना

वैद्यकीय परिभाषाकोशातील ‘स्त्रीकरण’ ही नोंद त्या दिवशी माझ्याकडे अखेरच्या संपादनासाठी आली आणि सल्लागार म्हणून अंतःस्रावतज्ज्ञ, म्हणजे संप्रेरकांच्या (हार्मोनच्या) विकारांच्या तज्ज्ञ डॉक्टर समोर बसल्या होत्या. कच्ची व्याख्या अशी होती: ‘पुरुषाने स्त्रैण होणे.’ ‘स्त्रैण’ मी लगेच खोडला. मुळात ‘स्त्रीविषयक’ एवढाच अर्थ असलेला हा शब्द मराठीत हिणवण्यासाठी वापरला जातो, आणि रुग्णाच्या कागदपत्रांत असा शब्द जाणे मला मान्य नाही.

पहिले उदाहरण यकृताच्या सिरॉसिसचे, म्हणजे यकृतात व्रणऊती साठून ते निकामी होत जाण्याचे, होते. या विकारात पुरुषाच्या शरीरातील टेस्टोस्टेरॉन (पुरुषलक्षणे घडवणारे संप्रेरक) व इस्ट्रोजेन (स्त्रीलक्षणे घडवणारे संप्रेरक) यांचा तोल बिघडून स्तन वाढू शकतात, अंगावरचे केस विरळ होऊ शकतात. आधीची स्थिती पालटून नवी लक्षणे येत असल्यामुळे येथे शब्द चपखल बसतो.

दुसऱ्या उदाहरणावर मात्र डॉक्टर थांबल्या. अमेरिकी स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन मॉरिस यांनी १९५३ साली ज्या अवस्थेला ‘वृषणजन्य स्त्रीकरण’ अशा अर्थाचे नाव दिले, तिच्यात गुणसूत्रे एक्स-वाय, म्हणजे सामान्यतः पुरुषांत आढळणारी, असतात, वृषण असतात, टेस्टोस्टेरॉनही तयार होते. परंतु तिच्या पूर्ण प्रकारात पेशी त्याला प्रतिसादच देत नसल्यामुळे बाह्य शरीर गर्भावस्थेपासून मुलीचे घडते आणि पुष्कळदा पाळी न आल्यावरच निदान होते. “आधी मुलगा होता आणि मग मुलगी झाली, असं यात कुठे आहे?” डॉक्टरांनी विचारले. त्यांचा आक्षेप व्याकरणालाही धरून होता. ‘शुद्धीकरण’, ‘मृदूकरण’ या शब्दांत संस्कृत व्याकरणातला च्वि प्रत्यय आहे आणि त्याचा अर्थच अभूततद्भाव, म्हणजे जे आधी तसे नव्हते ते तसे होणे. ‘स्त्रीकरण’ही त्याच घडणीचा. ज्या मुलीने स्वतःला जन्मापासून मुलगी म्हणूनच ओळखले, तिच्या निदानपत्रावर हा शब्द लिहिणे म्हणजे तिला नसलेला भूतकाळ चिकटवणे होय, आणि माझ्या मते ते क्रूर आहे. आम्ही ते उदाहरण काढले व त्या अवस्थेसाठी ‘अँड्रोजेन असंवेदनशीलता’ (टेस्टोस्टेरॉनसारख्या संप्रेरकांना पेशींनी प्रतिसाद न देणे) ही स्वतंत्र नोंद केली.

पारलिंगी स्त्रियांच्या संप्रेरक उपचारासाठी डॉक्टरांनी सुचवलेला ‘स्त्रीलक्षणकारक’ हा शब्द मला फार आवडला, कारण औषधाने लक्षणे बदलतात, एवढेच तो सांगतो. दारिद्र्याच्या ‘स्त्रीकरणा’चा समाजशास्त्रीय अर्थ, म्हणजे गरिबांमध्ये स्त्रियांचे प्रमाण वाढणे, या कोशाबाहेरचा असल्याने वगळला. संध्याकाळी छापायला गेलेली व्याख्या अशी होती: ‘शरीरात आधी नसलेली स्त्रीलक्षणे संप्रेरकांच्या प्रभावाने उत्पन्न होणे, हा शब्द लक्षणांविषयी वापरावा, व्यक्तीविषयी वापरू नये.’