सेकंदाला 11 मेगाबाइट : घरच्या नेटवर्कच्या दुरुस्तीची नोंद

लॅपटॉपवरून घरच्या सर्व्हरवर फाइल पाठवताना वेग सेकंदाला 11 मेगाबाइटच्या आसपास येतो आणि तिथेच थांबतो, अशी तक्रार या छंदातील अनेकांकडून ऐकली होती. यंदा तीच अडचण आमच्या कोथरूडच्या घरात उद्भवली. तिचा माग काढण्याचे काम आजवर जिथपर्यंत आले आहे, त्याची ही नोंद आहे.

आमच्याकडे वडिलांनी जमवलेल्या कॅसेटचे डिजिटल रूपांतर चालू आहे. 96 किलोहर्ट्झ, 24 बिट आणि स्टिरिओ अशा मापाने केलेल्या एका तासाच्या ध्वनिमुद्रणाची वेव्ह फाइल साधारण 2 गिगाबाइटची होते. सेकंदाला 11 मेगाबाइट या वेगाने ती सर्व्हरवर जायला तीन मिनिटांच्या वर वेळ लागतो आणि गिगाबिट नेटवर्क पूर्ण क्षमतेने चालत असेल तर वीस सेकंदसुद्धा लागत नाहीत. एखाद-दुसऱ्या फाइलपुरता हा फरक जाणवत नाही, परंतु कपाटभर कॅसेट समोर असताना तो फार मोठा ठरतो.

सर्वप्रथम या आकड्याकडेच नीट पाहावे, असे माझे मत आहे. नेटवर्कचा वेग बिटमध्ये सांगतात आणि फाइल पाठवताना पडद्यावर दिसणारा वेग बाइटमध्ये असतो, म्हणून 100 मेगाबिटला 8 ने भागले की 12.5 मेगाबाइट उरतात. त्यातून इथरनेट, आयपी आणि टीसीपी या माहिती वाहून नेण्याच्या नियमांनुसार प्रत्येक पाकिटावर चढणाऱ्या शीर्षकांचा वाटा वजा केला की फाइलच्या पदरात 11 ते 11.7 पडतात. गिगाबिट जोडणीवर हाच हिशोब 110 ते 117 इतका येतो. त्यामुळे वेग 11 वर सपाट रेषेसारखा स्थिर असेल, तर वाटेत कुठेतरी एखादी जोडणी 100 मेगाबिटवर चालते आहे असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. वेग सतत वरखाली होत असेल, तर मात्र संशय डिस्क, वायफाय किंवा बारीकसारीक फाइलींची गर्दी यांच्याकडे वळवावा.

संशय पक्का करण्यासाठी डिस्क बाजूला ठेवून केवळ नेटवर्क मोजणे आवश्यक असते. त्यासाठी आयपर्फ 3 हे साधन मी प्रमाण मानतो, कारण ते एका यंत्राच्या मेमरीतून दुसऱ्याच्या मेमरीत माहिती पाठवते आणि डिस्कला हातही लावत नाही. सर्व्हरवर ते ऐकण्याच्या अवस्थेत सुरू करून लॅपटॉपवरून जोडले, तेव्हा आकडा 94 मेगाबिट आला. उलट दिशेची चाचणी घेतली तेव्हाही तोच आला. उलट दिशेची चाचणी कधीही टाळू नये, कारण काही दोष एकाच दिशेला दिसतात. 94 हा निरोगी 100 मेगाबिट जोडणीचा ठरलेला आकडा आहे. म्हणजेच सर्व्हर, डिस्क आणि नेटवर्कवर फाइली उपलब्ध करून देणारा सांबा हा प्रोग्राम यांपैकी कशालाही दोष देण्याचे कारण अजून नव्हते.

इंटरनेटचा प्लॅन वाढवून घ्या, असा सल्ला या टप्प्यावर हमखास मिळतो. घरातल्या घरात जाणारी फाइल इंटरनेटवर जातच नाही, त्यामुळे त्या खर्चाचा इथे काहीही उपयोग होत नाही. मात्र इंटरनेट देणाऱ्यांकडून मिळालेली पेटी एकदा उलटी करून पाहावी. अशा पुष्कळ पेट्यांमध्ये एकच पोर्ट गिगाबिट असते आणि उरलेली 100 मेगाबिटची असतात. आमच्या पेटीचीही रचना तशीच निघाली, म्हणून सर्व्हर आणि बैठकीच्या खोलीतून येणारी वायर पाच पोर्टच्या साध्या गिगाबिट स्विचवर घेतली आणि पेटीला त्या स्विचशी एका वायरने जोडले. तरीही आकडा 94 वरून हलला नाही.

मग लॅपटॉपवर ईथटूल हे जोडणीचा ठरलेला वेग दाखवणारे साधन चालवून पाहिले. दोन्ही टोके 1000 मेगाबिटची तयारी जाहीर करत होती, परंतु प्रत्यक्ष वेग 100 दाखवला जात होता. कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, नोंदींमध्ये तर जोडणी 1 गिगाबिटवर ठरून 100 मेगाबिटवर उतरली असून वायर तपासावी, अशी स्पष्ट सूचनाच लिहिलेली होती. या वर्तनाचे कारण वायरीच्या रचनेत आहे. 100 मेगाबिटला वायरीतील चारपैकी दोनच जोड्या पुरतात, म्हणजे 1, 2, 3 आणि 6 क्रमांकाच्या तारा; 1999 साली प्रमाणित झालेल्या गिगाबिट इथरनेटला मात्र चारही जोड्या लागतात. वेगाची बोलणी त्याच दोन, म्हणजे नारिंगी आणि हिरव्या, जोड्यांवरून होते, म्हणून ती व्यवस्थित पार पडते. परंतु निळी किंवा तपकिरी जोडी आजारी असेल तर प्रत्यक्ष गिगाबिट जुळत नाही आणि वेग उतरवण्याची सोय असलेली यंत्रे निमूटपणे खालच्या वेगावर येतात. फाइल जाते, चित्रपट दिसतो, कुठेही त्रुटीचा संदेश येत नाही, आणि म्हणून हा दोष वर्षानुवर्षे लपून राहू शकतो.

घराचे नूतनीकरण झाले तेव्हा बैठकीच्या खोलीपासून अभ्यासिकेपर्यंतची वायर वायरमनने भिंतीतील पाइपमधून ओढली होती. टीव्हीमागची प्लेट उघडून जॅक बाहेर घेतला. आठ दिव्यांचा साधा टेस्टर लावल्यावर आठही दिवे क्रमाने लागले. वायर बोटांत धरून जॅकच्या अगदी मुळाशी किंचित वाकवली की आठवा दिवा विझत होता, सरळ केली की पुन्हा लागत होता. आठ म्हणजे तपकिरी तार. भिंग लावून पाहिले तेव्हा बाहेरचे आवरण सोलताना लागलेल्या ब्लेडची बारीक खाच तिच्या प्लॅस्टिकवर दिसली, आणि त्या खाचेखाली आतले तांबे तुटून फक्त टोकाला टोक टेकलेले होते. टेस्टर अत्यल्प प्रवाहाने केवळ सातत्य तपासतो. सिग्नल त्या सांध्यातून धडपणे जातो की नाही, हे त्याला कळत नाही. म्हणून दिवे लागले याचा अर्थ वायर चांगली आहे असा घेऊ नये. निदान दोन्ही टोके हलवून पाहावीत.

पाइपमध्ये थोडी वायर शिल्लक होती, त्यामुळे खराब भाग कापून नवा जॅक बसवता आला. त्यासाठी आणि सोबतच्या जुन्या पॅच कॉर्ड बदलण्यासाठी बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत गेलो. तिथे वायर मीटरवर मिळते, पण मागताना शुद्ध तांब्याची हवी असे सांगावेच लागते. दुकानदाराने आधी काढून दिलेल्या वायरीचे टोक मी ब्लेडने खरवडले, तर तांबूस थराखाली चंदेरी धातू दिसला. “काका, ही सीसीए आहे ना?” असे विचारल्यावर त्यांनी आढेवेढे न घेता, “हो, स्वस्तातली तीच. प्युअर कॉपर पाहिजे तर भाव वेगळा,” असे सांगून दुसरे खोके उघडले. सीसीए म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेले अॅल्युमिनियम. त्याची विद्युतवाहकता तांब्याच्या जवळपास दोन तृतीयांश असते आणि तार वाकवताना लवकर तुटते. भिंतीत कायमची जाणारी वायर या प्रकारची कधीही घेऊ नये.

नवा जॅक रंगक्रम पाहून पंचिंग टूलने बसवला. जोड्यांचा पीळ जॅकच्या जितका जवळ टिकवता येईल तितका टिकवला. आयपर्फने लगेच 941 मेगाबिट दाखवले. माहितीच्या पंधराशे बाइटांच्या नेहमीच्या पाकिटांवर गिगाबिटचा हा जवळजवळ कमाल आकडा आहे. मोठी पाकिटे वापरण्याचा, म्हणजे जंबो फ्रेमचा, मोह काहींना होतो. त्यातून मिळणारा लाभ चार-पाच टक्क्यांचा असतो आणि त्या नेटवर्कवरील प्रत्येक यंत्राची मांडणी जुळवावी लागते, त्यामुळे घरगुती वापरात मी त्या वाटेला जात नाही.

इथे काम संपायला हवे होते. प्रत्यक्षात मोठी फाइल पाठवताना वेग आरंभी सेकंदाला 112 मेगाबाइटवर जायचा, काही वेळ टिकायचा आणि मग 30 च्या खाली घसरायचा. आरंभीच्या वेगावर विसंबू नये, कारण सर्व्हरवरील लिनक्स आलेली माहिती आधी मेमरीत घेतो आणि मागाहून डिस्कवर उतरवतो. मेमरीतील ठरलेली जागा भरली की डिस्कचा खरा वेग उघडा पडतो. फाइल रखडलेली असताना डिस्कच्या व्यग्रतेचा आकडा शंभर टक्क्यांना भिडलेला दिसत होता, आणि त्यानंतर लगेच घेतलेल्या आयपर्फ चाचणीत 941 कायम होते. आता नेटवर्क निर्दोष होते.

सर्व्हरला यूएसबीवर जोडलेली अडीच इंची पोर्टेबल डिस्क एसएमआर प्रकारची निघाली. या प्रकारात लेखनाच्या पट्ट्या कौलांसारख्या एकमेकींवर अंशतः चढवलेल्या असतात, त्यामुळे त्याच आकारात अधिक साठा मावतो, परंतु एक पट्टी बदलायची तर तिच्या शेजारच्या पट्ट्याही पुन्हा लिहाव्या लागतात. डिस्क आलेली माहिती आधी एका राखीव भागात घेते आणि सवडीने जागेवर लावते. राखीव भाग भरेपर्यंत सारे सुरळीत चालते, नंतर वेग कोसळतो आणि डिस्कला थोडा वेळ मोकळे सोडले की पुन्हा सुधारतो. ही विश्रांतीनंतरची सुधारणा ओळखीची खूण मानावी. शिवाय डिस्क एनटीएफएस या विंडोजच्या फाइल-रचनेत होती आणि तिचा जुना ड्रायव्हर कर्नलच्या बाहेर चालत असल्याने प्रोसेसरवरही बोजा पडत होता. सीएमआर प्रकारची, म्हणजे पट्ट्या एकमेकींवर न चढवलेली, साडेतीन इंची डिस्क घेऊन ती ईएक्सटी 4 या लिनक्सच्या फाइल-रचनेत तयार केली. आता वेग शेवटपर्यंत 110 च्या वर राहतो.

छायाचित्रांचे फोल्डर मात्र अजूनही सावकाश जाते, आणि त्याला दुरुस्ती म्हणावी असा उपाय नाही. प्रत्येक फाइलसाठी ती निर्माण करणे, गुणधर्म लिहिणे आणि बंद करणे अशा फेऱ्या होतात. फाइल काही किलोबाइटची असेल तर बहुतेक वेळ या फेऱ्यांतच जातो. हजारो लघुचित्रे पाठवण्याआधी टार या साधनाने त्यांचे एकाच फाइलीत गाठोडे करणे मला सर्वांत सोयीचे वाटले.

वायफायबद्दल थोडक्यात. राउटरच्या खोक्यावरील 1200 हा आकडा दोन्ही लहरपट्ट्यांच्या मेगाबिटमधील वेगांची वर ओढलेली बेरीज असतो, 5 गिगाहर्ट्झवरील 867 आणि 2.4 वरील 300, आणि एक लॅपटॉप एका वेळी एकच पट्टी वापरतो. पाठवणारा आणि घेणारा दोघेही एकाच वायफायवर असतील, तर प्रत्येक पाकीट हवेतून दोनदा जाते आणि वेग निम्म्यावर येतो. म्हणून निदान सर्व्हर तरी वायरवर ठेवावा.

रात्रीचा बॅकअप आरसिंक या फक्त बदललेली माहिती पाठवणाऱ्या साधनाने एका जुन्या संगणकावर जातो. त्याच्या प्रोसेसरमध्ये एईएस सांकेतिकरण झटपट करणाऱ्या खास सूचना नाहीत, त्यामुळे एसएसएच या सांकेतिक जोडणीतून जाताना एक कोअर पूर्ण व्यापला जात होता आणि वेग अडत होता. घरातल्या घरात सांकेतिकरणाची गरज नसल्याने तिथे आरसिंकची स्वतःची सेवा चालू केली आणि तिचा प्रवेश फक्त सर्व्हरच्या पत्त्यापुरता ठेवला. फाइलींचे तुकडे ताडून पाहण्याऐवजी बदललेली फाइल अख्खी पाठवण्याचा पर्यायही दिला आहे, कारण वेगवान नेटवर्कवर ताडण्याचा हिशोबच अनेकदा महाग पडतो.

2.5 गिगाबिटचा विचार मनात आहे. 2016 चे ते प्रमाण कॅट 5ई वायरीवर 100 मीटरपर्यंत चालते, म्हणजे भिंतीतील वायर तशीच ठेवता येईल. परंतु नवी डिस्क एकटी सेकंदाला फार तर पावणेदोनशे मेगाबाइटच्या आसपास लिहू शकते, त्यामुळे सर्व्हरमध्ये एसएसडी येईपर्यंत तो खर्च थांबवला आहे. त्याआधी त्याच वायरमनने ओढलेली शयनगृहाकडची दुसरी वायर उघडून तिचे दोन्ही जॅक तपासायचे आहेत.